समुद्राची रोजकीर्द
बोटींच्या हालचालींच्या नोंदीवरून मासेमारीचा हंगाम कसा वाचला जातो

आम्ही कापडाचे व्यापारी. मासळीच्या धंद्याशी आमचा थेट संबंध नाही. तरीपण कोकणात आमचा माल किती उठणार हे मासळीच ठरवते. हर्णै, जयगड, मिरकरवाडा या बंदरांच्या आसपासचे दुकानदार आमचे जुने गिऱ्हाईक. ऑगस्टात बोटी समुद्रात गेल्या, जाळ्याला मासळी लागली, की खलाशांच्या हाती पैसा येतो, तो दुकानात येतो आणि तिथून आमच्या गादीवर. मे महिन्यात खलाशी गावी निघतात तेव्हा घरच्यांसाठी कपडालत्ता घेतात, तोही आमच्याच मालातला. म्हणजे समुद्रात बोटी किती आहेत हे समजणे आमच्यासाठी बाजारभाव समजण्याइतकेच गरजेचे.

२०१९ सालचा तजरबा आम्ही विसरणार नाही. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही उधारीवर माल पाठवला, वसुली दिवाळीनंतर ठरलेली. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले. ते ओसरते न ओसरते तोच नोव्हेंबरच्या सुरुवातीला ‘महा’ आले. वादळाची बातमी आम्ही पेपरात वाचली होती, पण वादळ आपल्या किनाऱ्याला लागले नाही म्हणून निर्धास्त राहिलो. हकीकत अशी की भर हंगामात बोटी बंदरात बांधून पडल्या होत्या. एका बंदरातला आमचा ओळखीचा दलाल मात्र फोनवर ‘धंदा जोरात आहे शेठ’ म्हणत राहिला आणि आम्ही आणखी दोन गाठी रवाना केल्या. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. त्यातली काही रक्कम अजून आमच्या वहीतच आहे.

हे दुखणे आम्ही घरात बोलून दाखवले तेव्हा आमचा पुतण्या, जो कॉम्प्युटरचे शिकला आहे, म्हणाला, “चाचा, दलालाला कशाला विचारता? जगातल्या बोटी कुठे मासे मारताहेत त्याचा नकाशाच आहे, तोही फुकट.” आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले आणि या विषयावरचे सगळे लिखाण इंग्रजीत, त्यामुळे समजून घ्यायला वेळ लागला. जे समजले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत. कारण ही नोंद उद्या आपल्याही धंद्याला लागणार आहे.

बोटीचा ठावठिकाणा कसा समजतो

मोठ्या जहाजांवर एक यंत्र असते, त्याला एआयएस म्हणतात. मुळात हे मासळीसाठी बनवलेले नाही. रात्री किंवा धुक्यात दोन जहाजे एकमेकांवर आदळू नयेत, यासाठी प्रत्येक जहाजाने रेडिओवरून आपली ओळख पुकारत राहावी, एवढाच त्याचा हेतू. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना २००४ च्या अखेरपासून ते सक्तीचे झाले. युरोपात २०१४ पासून १५ मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींनाही ते लागू आहे.

यंत्र दर काही सेकंदांनी सांगते: मी अमुक नंबरची बोट, अमुक अक्षांश-रेखांशावर, अमुक वेगाने, अमुक दिशेला चालले आहे. नंबर नऊ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे देशाचे. हिंदुस्थानचे ४१९, चीनचे ४१२, ४१३ व ४१४. ही पुकार जवळची जहाजे ऐकतात, किनाऱ्यावरचे मनोरे ऐकतात आणि गेल्या पंधरा-सतरा वर्षांपासून आकाशातले उपग्रहही ऐकू लागले आहेत. किनाऱ्यावरच्या मनोऱ्याला साधारण ४०-५० सागरी मैलांपलीकडचे ऐकू येत नाही. उपग्रहाला भर समुद्रातले ऐकू येते. या एका सोयीने सगळा मामला बदलला.

आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक पुकार ही रोजकीर्दीतली एक नोंद. तारीख, वेळ, नाव, ठिकाण. मासेमारीचा त्यात एक शब्द नाही. मग मासेमारी कशी ओळखायची? चालीवरून.

ट्रॉलर जाळे ओढत असतो तेव्हा त्याचा वेग तीन ते पाच नॉटपर्यंत येतो. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. बंदरातून मासळीच्या जागेपर्यंत जाताना तोच ट्रॉलर याच्या दुप्पट वेगाने जातो. जागेवर पोचला की संथ होतो, तासन्तास एका पट्ट्यात पुढे-मागे फिरतो, नांगर फिरवल्यासारखा. लांबच लांब दोरीला हजारो गळ लावून ट्यूना धरणाऱ्या बोटीची चाल निराळी: ती दोरी सोडत सरळ जाते, थांबते, मग बारा-बारा तास तीच दोरी ओढत परत येते. पर्ससीनवाला मासळीचा थवा दिसला की झटकन गोल फिरून वेढा घालतो आणि मग एका जागी थबकून जाळे आवळतो. कागदावर रेघ काढली तर तिघांच्या रेघा तीन तऱ्हेच्या दिसतात.

भिवंडीच्या गल्लीतून चालताना आवाजावरून सांगता येते की कुठला पॉवरलूम चालू आहे, कुठला नुसता लावून ठेवला आहे. कान तयार व्हायला वर्षे लागतात. इथे तो कान कॉम्प्युटरला दिला आहे. जाणकारांनी आधी हजारो बोटींच्या रेघा पाहून ‘ही मासेमारी, ही नाही’ अशा खुणा केल्या, कॉम्प्युटर त्यावरून शिकला, आणि आता बाकीच्या बोटींच्या रेघा तो स्वतः वाचतो.

हे काम करणाऱ्या संस्थेचे नाव ग्लोबल फिशिंग वॉच. ओशियाना, स्कायट्रुथ आणि गूगल या तिघांनी मिळून ती उभी केली आणि २०१६ च्या सप्टेंबरात तिचा नकाशा सर्वांना खुला झाला. नकाशा बनवताना समुद्राचे लहान-लहान चौकोन पाडतात. एका चौकोनात एका दिवसात बोटींनी किती तास मासेमारी केली ते मांडतात. महिन्या-महिन्याची बेरीज केली की हंगाम दिसतो. रोजकीर्दीवरून खतावणी करण्याचाच हा प्रकार.

खतावणीत काय निघाले

२०१८ च्या फेब्रुवारीत या मंडळींनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आपला पहिला मोठा हिशेब छापला. २०१२ ते २०१६ या पाच वर्षांतल्या २,२०० कोटी नोंदी आणि ७० हजारांवर बोटी. एकट्या २०१६ साली या बोटींनी ४ कोटी तास मासेमारी केली आणि ४६ कोटी किलोमीटर अंतर तोडले. जगातल्या समुद्राच्या निम्म्याहून अधिक भागात बोटी पोचल्या होत्या. कुठल्याच देशाच्या मालकीचा नसलेला जो खुला समुद्र आहे, तिथली ८५ टक्क्यांहून अधिक मासेमारी चीन, स्पेन, तैवान, जपान आणि दक्षिण कोरिया या पाचांचीच.

आम्हांला मात्र यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. मासेमारीचा हंगाम मासळी ठरवते असे आपण समजतो. पाणी तापले, थंड झाले, मासळी आली, गेली. नकाशात पाहिले तर बोटींची ये-जा मासळीपेक्षा माणसाच्या पंचांगावर जास्त चालते. चिनी नववर्षाच्या दिवसांत चीनसमोरचा समुद्र एकाएकी रिकामा होतो. खलाशी घरी गेलेले असतात. उन्हाळ्यात चीन सरकारची मासेमारीबंदी असते (पिवळ्या व पूर्व चिनी समुद्रात १९९५ पासून, दक्षिण चिनी समुद्रात १९९९ पासून). त्या काळात तर नकाशातला हा सगळ्यांत उजळ भाग काही महिन्यांसाठी विझल्यासारखा होतो आणि बंदी उठली की एका दिवसात पुन्हा पेटतो. युरोप-अमेरिकेत नाताळात बोटी थांबतात आणि शनिवार-रविवारी कमी होतात. मासळीला रविवार ठाऊक नसतो!

डिझेलचे भाव या पाच वर्षांत बरेच खाली-वर झाले. बोटींच्या तासांवर त्याचा परिणाम अगदी थोडा. यावर आम्ही बराच विचार केला. सुताचा भाव वाढला म्हणून कारखानदार लगेच लूम बंद करत नाही, कारण हप्ते आणि मजुरी चालूच असते. बोटीचेही तसेच असावे. शिवाय अनेक देशांत डिझेलवर सरकारी सवलत आहे, ती वेगळीच.

बंदीबद्दलची एक गोष्ट तर व्यापाऱ्याला लगेच पटेल. प्रशांत महासागरात किरिबाती नावाचा बेटांचा देश आहे. त्याने फिनिक्स बेटांभोवतीच्या समुद्रात १ जानेवारी २०१५ पासून व्यापारी मासेमारी बंद केली. बंदी लागू झाल्यावर बोटी हद्दीवर येऊन थांबू लागल्या, आत जाईनात, हे तेव्हाच्या नकाशात साफ दिसले. पण संशोधकांनी त्याच्या आधीचे महिने तपासले तेव्हा निघाले की बंदी येणार असे कानावर पडल्यापासून तिथली मासेमारी १३० टक्क्यांनी वाढली होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्याआधी जून महिन्यात आपल्या बाजारात जुना स्टॉक काढण्याची जी धावपळ झाली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

मासळीच्या मागे हंगाम फिरतो असे उदाहरणही आहे, ते माकुळाचे. अर्जेंटिनासमोरच्या समुद्रात मिळणारा माकूळ जेमतेम एक वर्ष जगतो. वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत तो तिथे गोळा होतो. त्या काळात शेकडो परदेशी बोटी, बहुतेक चिनी, अर्जेंटिनाच्या २०० सागरी मैलांच्या हद्दीला अगदी चिकटून रांगेत उभ्या राहतात. माकूळ उजेडाला भुलतो म्हणून या बोटींवर प्रखर दिव्यांच्या माळा असतात, आणि रात्री उपग्रहातून पाहिले तर समुद्रात शहर वसल्यासारखे दिसते. हंगाम सरला की ताफ्यातल्या अनेक बोटी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे प्रशांत महासागरात, इक्वेडोर-पेरूच्या बाजूला जातात. २०२० च्या उन्हाळ्यात गॅलापागोस बेटांच्या हद्दीबाहेर अशा सुमारे ३०० चिनी बोटी जमल्या, तेव्हा जगभर बोभाटा झाला. एका महिन्यात त्यांनी ७३ हजार तास मासेमारी केल्याचा हिशेब ओशियानाने याच नोंदीवरून मांडला. पूर्वी अशी बातमी कुणा खलाशाच्या तोंडून येई आणि कुणी मानत नसे.

वहीतल्या चुका

आता दुसरी बाजू. कुठलीही वही हातात आली की ती लिहिणारा कोण आणि त्याने काय लिहिले नाही, हे आधी पाहावे असे आमचे वडील सांगत.

पहिली गोष्ट, ही वही तासांची आहे, किलोंची नाही. बोट दहा तास जाळे ओढत होती एवढे समजते. जाळ्यात काय आले, ते समजत नाही. दुकान दिवसभर उघडे होते म्हणून गल्ला भरला असे होत नाही. कित्येक वेळा उलटच असते: मासळी कमी झाली म्हणून बोट जास्त तास फिरते.

दुसरी गोष्ट गर्दीची. हर्णैच्या लिलावात पाच-सहा व्यापारी बोलत असतील तर लिलाव करणाऱ्याला प्रत्येकाची बोली ऐकू येते. पन्नास जण एकदम ओरडले तर निम्म्या बोल्या हवेत जातात. उपग्रहाचेही असेच. त्याच्या नजरेखाली एकाच वेळी हजारो यंत्रे पुकारत असली की संदेश एकमेकांवर आदळतात आणि हरवतात. लहान बोटींवरचे स्वस्त यंत्र तर २ वॉटचेच, मोठ्या जहाजावरचे साडेबारा वॉटचे. म्हणजे ऐन हंगामात जिथे खूप बोटी जमतात तिथेच नोंद कमी पडण्याचा संभव. उलट, नवे उपग्रह वर गेले की अधिक ऐकू येऊ लागते. तेव्हा ‘गेल्या वर्षापेक्षा बोटी वाढल्या’ असे कुणी नकाशा दाखवून सांगू लागला, तर बोटी वाढल्या की कान वाढले, हे विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट लबाडीची. यंत्राला बटन असते. अर्जेंटिनासमोर जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात ८०० हून अधिक परदेशी बोटींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २४ तासांहून अधिक काळ यंत्र गप्प झाल्याचे ६,००० हून अधिक प्रसंग निघाले. यंत्र बिघडूही शकते हे खरे. पण हद्दीच्या दारात इतकी यंत्रे बिघडतात याला काय म्हणावे? शिवाय एकाच नंबरावर अनेक बोटी चालतात आणि काही ठिकाणी नंबराच्या जागी नुसते १२३४५६७८९ टाकलेले सापडते. आणखी एक गंमत: जाळे हरवू नये म्हणून काही मच्छीमार तरंगत्या जाळ्यालाच असे यंत्र बांधतात. मग नकाशावर जाळेच बोट होऊन फिरते. ही सगळी घाण काढल्याशिवाय खतावणी होत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी आणि आपल्याशी संबंधित. ज्यांच्याकडे यंत्रच नाही त्यांची नोंद कुठे? २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात याचे उत्तर आले. युरोपच्या रडार उपग्रहाची २०१७ ते २०२१ ची चित्रे तपासली गेली. रडारला रात्र आणि ढग आडवे येत नाहीत आणि बोटीने यंत्र बंद केले तरी तिचा ठिपका उमटतोच. त्यात दिसलेल्या मोठ्या मासेमारी बोटींची एआयएसशी ताळमेळ घातली तेव्हा ७२ ते ७६ टक्के बोटी खुल्या नोंदीत नव्हत्याच. या नोंदीबाहेरच्या बोटी विशेषकरून आफ्रिका आणि दक्षिण आशियाच्या समुद्रात. दक्षिण आशिया म्हणजे आपणच. बरे, या रडारलाही साधारण १५ मीटरपेक्षा लहान बोट नीट दिसत नाही.

कोकणासमोर काय दिसते

आम्ही पुतण्याला म्हटले, आता रत्नागिरी दाखव. ऑक्टोबर महिना काढला. वाटले होते की ठिपक्यांनी पडदा भरून जाईल. दिसले ते तुरळक ठिपके, तेही लांब. मिरकरवाड्याच्या जेटीवर ऑक्टोबरात बोटींच्या दाटीतून वाट काढावी लागते आणि नकाशात तिथला समुद्र ओसाड! म्हणजे २०१९ साली हा नकाशा आमच्या हाती असता तरी त्या दोन गाठी वाचल्या नसत्या, हे कबूल करणे भाग आहे.

याचे कारण आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. रत्नागिरीचे दालदी मुसलमान असोत वा कोळी, खारवी, गाबित, आपल्या किनाऱ्यावरच्या बहुसंख्य बोटी लहान आहेत. पालघर-रायगडकडची डोल तर या हिशेबात बसतच नाही. डोलीचे जाळे एका जागी खुंट्यांना बांधलेले असते, भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते आणि बोंबील, कोळंबी त्यात येते. मेहनत पाणी करते, बोट उभीच असते. जो कॉम्प्युटर चालीवरून मासेमारी ओळखतो, त्याला उभी बोट ही नांगर टाकून झोपलेली बोट वाटणार.

हे नुसते अभ्यासकांचे भांडण असते तर आम्ही ते इथे लिहिले नसते. समुद्रात बंदर, तेलविहीर, पवनचक्क्या, काहीही करायचे झाले की आधी विचारले जाते, इथे मासेमारी होते का, किती आणि कोणत्या महिन्यांत. उत्तराला नकाशा लागतो. नकाशात ठिपका नसेल तर ‘इथे कुणी नव्हतेच’ असे म्हणणे सोपे जाते. भरपाई मागायला जाणाऱ्याच्या हाती मग काय राहते? आजोबापणजोबांची आठवण. पालघर जिल्ह्यात ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ज्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. त्याच दिवशी त्याच कार्यक्रमात लहान बोटींवर माग ठेवणारे यंत्र बसवण्याच्या देशव्यापी योजनेचाही शुभारंभ झाला. आम्हांला हा योगायोग लक्षात राहिला.

ही योजना समजून घ्यावी. सुमारे ३६४ कोटी रुपये खर्चून किनाऱ्यावरची राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून एक लाख बोटींवर इस्रोने बनवलेला ट्रान्सपाँडर बसवायचा आहे, आणि त्याचे पैसे मच्छीमाराकडून घ्यायचे नाहीत. यंत्र उपग्रहाशी बोलते, त्यामुळे मोबाइलची रेंज संपली तरी चालते. दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवता येतो. वादळाचा इशारा, सागरी सरहद्द जवळ आल्याची सूचना, संकटात मदतीची हाक, हे सर्व त्यात आहे. ‘क्यार’सारख्या प्रसंगी दूर गेलेल्या बोटीला याचा केवढा आधार होईल हे सांगायला नको.

पण ही नोंद एआयएससारखी खुली पुकार नाही, ती सरकारकडे जाते. इंडोनेशियाने २०१७ साली आणि पेरूने २०१८ साली आपल्याकडची अशी सरकारी नोंद जगाला खुली करून दाखवली होती. आपल्याकडे ती खुली करावी का? तांडेलाला विचाराल तर तो नाहीच म्हणेल, आणि त्याचे चुकत नाही. मासळीची जागा हेच त्याचे भांडवल. आम्ही सुरतेहून कोणाकडून कापड उचलतो हे शेजारच्या दुकानदाराला सांगतो का? शिवाय नोंद दोन्हीकडे कापते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. महाराष्ट्रात पर्ससीनवर २०१६ च्या आदेशाने हंगामाचीही मर्यादा आहे, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. ज्याची बोट नको त्या महिन्यात नको तिथे गेली, त्याच्याविरुद्ध त्याचेच यंत्र साक्ष देईल. ज्याची बोट नियमाने चालली, त्याच्या बाजूनेही तेच यंत्र साक्ष देईल.

ही दुसरी साक्ष निर्यातवाल्यांच्या कामाची आहे. युरोपात मासळी पाठवायची तर २०१० पासून ती कुठल्या बोटीने पकडली याचे प्रमाणपत्र लागते. बोटीचा पत्ता नोंदीत असेल तर कागद भक्कम होतो. आमच्या मते बोटीची स्वतःची नोंद बोटवाल्याला मागेल तेव्हा मिळाली पाहिजे, आणि गावच्या सहकारी सोसायटीला सर्व बोटींची मिळून महिनावारी बेरीज मिळाली पाहिजे: कुठल्या पट्ट्यात, कुठल्या महिन्यात, किती तास. कोणाची बोट कुठे होती हे त्यात उघड करण्याची गरज नाही. भरपाईच्या वेळी टेबलावर ठेवायला एवढा कागद पुष्कळ झाला.

व्यापाऱ्याने तोवर काय करावे? खुला नकाशा पाहण्यासारखा जरूर आहे. माकूळ, ट्यूना किंवा चीनच्या मालाच्या भावाशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी तो महिन्यातून एकदा पाहावा. तीन-चार दिवसांमागची परिस्थिती त्यात दिसते. मासळी किती उतरली हे पाहायचे तर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे राज्यवार वार्षिक अंदाज आहेत. तिची माणसे बंदरोबंदर जाऊन उतरलेल्या मालाचे नमुने मोजतात. मात्र वर्षाचा अंदाज वर्ष सरल्यावर येतो, आणि आपली उधारी त्याआधीच गेलेली असते.

म्हणून आम्ही घरचा एक उपाय चालू केला आहे. हर्णै, जयगड आणि मिरकरवाडा या तिन्ही ठिकाणच्या एकेका गिऱ्हाईकाला आमचा मुनीम आठवड्यातून दोनदा फोन करतो आणि दोनच प्रश्न विचारतो: आज लिलावाला किती बोटी लागल्या, आणि बांगड्याची पाटी काय भावाने गेली. ‘धंदा कसा आहे’ हा प्रश्न विचारायचा नाही अशी त्याला ताकीद आहे. उत्तर शंभर पानी वहीत तारखेसह लिहिले जाते. वहीच्या एका पानावर आम्ही पुतण्याकडून चौकोन आखून घेतले आहेत, महिने आडवे, बंदरे उभी. ऑगस्टचे चौकोन भरले आहेत. सप्टेंबरात जयगडचे दोन आकडे राहिले, कारण फोन लागला नाही. ते मुनीमजीने कोरेच ठेवले आहेत, अंदाजाने भरलेले नाहीत.